घसा बधिर झाला की घाबरायचं का?

एंडोस्कोपी म्हटलं की घरातली मोठी माणसं तारीख पुढे ढकलतात. "सणवार होऊ दे, मग बघू." तपासणीत काय निघेल याची भीती असतेच, पण माझ्या अनुभवात त्याहून मोठी भीती असते घशातून नळी जाण्याची. आई-बाबांना, आजी-आजोबांना दवाखान्यात बहुतेक तुम्हीच घेऊन जाता, म्हणून या वेळचं सदर तुमच्यासाठी.

ही नळी साधारण 9 ते 10 मिलिमीटर जाड, म्हणजे करंगळीपेक्षा बारीक. ती अन्ननलिकेत जाते. श्वासाची वाट वेगळी असते. खरा त्रास असतो उमाशांचा. घशाच्या मागच्या बाजूला काही लागलं की शरीर ते बाहेर ढकलू पाहतं. गुंगीचं इंजेक्शन न देता तपासणी करायची असेल, तर उमासे कमी व्हावेत म्हणून आम्ही घशात लिग्नोकेनचा फवारा मारतो. दात काढताना हिरडीत बहुधा हेच औषध टोचतात. 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं.

फवारा कडू लागतो. एक-दोन मिनिटांत घसा जड होतो, सुजल्यासारखा वाटतो, आवंढा गिळता येत नाही असं वाटतं. इथेच माणसं घाबरतात. खरं तर ही औषध लागू पडल्याची खूण आहे. हे आधी माहीत असलं, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. मात्र अंगावर पित्त उठलं, चक्कर आली किंवा खरोखर धाप लागली, तर लगेच सांगायचं.

तपासणी बहुधा 5 ते 10 मिनिटांची. डाव्या कुशीवर झोपायचं, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, लाळ गिळायची नाही, बाहेर ओघळू द्यायची. पोटात हवा भरल्याने फुगल्यासारखं वाटतं, ढेकर येतात. त्यावर फवाऱ्याचा उपयोग नाही. तरीही फार भीती वाटत असेल, तर गुंगीचं इंजेक्शन मागण्यात कमीपणा नाही. फक्त त्यानंतर दिवसभर गाडी चालवायची नाही आणि सोबत कुणीतरी हवं.

आधी डॉक्टरांना काय सांगाल? दाताच्या इंजेक्शनने पूर्वी त्रास झाला असेल, यकृताचा, हृदयाच्या ठोक्यांचा किंवा आकडीचा आजार असेल, तर तो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्याही दाखवा. कवळी काढून ठेवायची.

आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. तपासणी झाल्या झाल्या आजोबांना चहा देऊ नका! बधिर घशात घोट चुकून श्वासनलिकेत जाऊ शकतो, गरम चहाने तोंड भाजलं तरी कळत नाही. साधारण तासभर थांबा. बधिरपणा गेला की आधी गार पाण्याचा एक छोटा घोट द्या. तो नीट गिळता आला, ठसका लागला नाही, की मग खुशाल चहा टाका.