आरोग्यावरचा खर्च : किती आणि कशावर?

प्रगत राष्ट्रांच्या आरोग्यखर्चाचे आकडे वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. १९८० च्या सुमारास अमेरिका आणि तत्कालीन पश्चिम जर्मनी ही दोन्ही राष्ट्रे राष्ट्रीय उत्पन्नाचा आठ-नऊ टक्के भाग आरोग्यावर खर्च करीत होती. २०२३ पर्यंत हे प्रमाण जर्मनीत १२ टक्क्यांच्या आसपास, तर अमेरिकेत १७ टक्क्यांच्या घरात गेले. जपानचा खर्च सुमारे ११ टक्के. तरीही जपानी माणसाचे सरासरी आयुर्मान ८४ वर्षे व अमेरिकनाचे ७८! अमेरिकन माणूस डॉक्टरांकडे अधिक वेळा जातो म्हणावे, तर तसेही नाही. जपान्यापेक्षा तो कमीच जातो. तेथे औषधांचे व शस्त्रक्रियांचे दरच भरमसाट आहेत, शिवाय विम्याच्या कागदपत्रांवर मोठी रक्कम खर्ची पडते.

आपले दुखणे निराळे आहे. शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु एटापल्लीच्या रुग्णाला नागपूरला न्यावे लागले, तर सोबतच्या नातलगांची बुडालेली मजुरी या हिशेबात कोठेच येत नाही. आणि पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला, की खिशात पैसा असूनही उपयोग नसतो.

म्हणूनच गडचिरोलीचा एक हिशेब वाचकांनी अमेरिकेच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाळाला ऊब कशी द्यावी, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, इंजेक्शन कसे द्यावे, हे गावातीलच स्त्रियांना शिकविण्यात आले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. खर्च बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे तेव्हाचे जेमतेम दोनशे रुपये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने हेच काम देशभरातील आशाताईंकडे सोपविले.

येथे मात्र अमेरिकेच्या अगदी उलट प्रकार घडला. तिकडे सेवेचे मोल अवाच्या सवा वाढले. इकडे ज्या सेवेने बालके वाचतात, ती करणारी स्त्री शासनदरबारी ‘स्वयंसेविका’च राहिली. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात फेऱ्या पूर्ण केल्याबद्दल त्या योजनेत तिला २५० रुपये ठरविण्यात आले होते.