गेट मोजणारी समिती आहे, घाण मोजणारी कुठे आहे?

२०१६ चा मार्च महिना आठवा. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी प्रशासनाने १४४ कलम लावले. पाच माणसांनी पाण्याजवळ एकत्र येऊ नये, असा तो हुकूम. पुढच्या महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून 'जलदूत' नावाची पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. दोनच दिवसांनी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १२५ वी जयंती होती.

त्या उन्हाळ्यात आम्ही लातूरच्या काही वस्त्यांतून फिरलो. एका आजीने आम्हाला सरळ विचारले, की रेल्वे आली म्हणतात, पण आमच्या गल्लीत रूळ कुठे आहेत? आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते आजही नाही. म्हणूनच हा लेख.

ज्या मार्चमध्ये लातूरला पाण्यावर जमावबंदी लागली, त्याच मार्च महिन्यात, ८९ वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सार्वजनिक होते. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर सर्व काही होते, तळ्यावर मात्र काहीच नव्हते. आमच्या लोकांनी पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी काय केले? शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले! त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, त्याचा विटाळ झाला नाही. माणसाच्या ओंजळीचा झाला.

ही गोष्ट आमच्या वाचकांना पाठ आहे. पण तिच्यातला एक धडा आपण अजून पुरता घेतलेला नाही. जी व्यवस्था माणसाच्या स्पर्शाला विटाळ मानते, तिला खरी घाण दिसत नाही. शेण पाण्यात कालवून पाणी शुद्ध झाले असे मानणारी बुद्धीच आज गोदावरीला 'दक्षिण गंगा' म्हणून आरती ओवाळते आणि त्याच घाटाच्या बाजूने शहराचा नाला तिच्यात सोडते. विटाळ मानणाऱ्या समाजाने प्रदूषणाचे शास्त्र कधी शिकलेच नाही.

आता आपल्या दारातले उदाहरण घेऊ. बालाघाटच्या डोंगरात बीड जिल्ह्यात मांजरा नदी उगम पावते. तिच्यावर केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण आहे. १९८० च्या सुमारास ते पूर्ण झाले. एकूण साठवण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. बीड, लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या तीन जिल्ह्यांचा हा सामाईक तलाव. लातूर शहर आणि तिथली औद्योगिक वसाहत, अंबाजोगाई, केज, कळंब, धारूर, शिवाय कालव्यावरचा ऊस, एवढे सगळे याच एका तलावावर अवलंबून आहेत. २०१६ साली हा तलाव आटला म्हणूनच लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले.

या तलावाचा मालक कोण? पाणी साठवते आणि सोडते जलसंपदा खाते. पिण्याचे आरक्षण ठरते जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत. उचलते महानगरपालिका आणि नगरपालिका. पाण्याचा दर्जा पाहायचा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने. भोवतालची जमीन महसूल खात्याची. धरण बीड जिल्ह्यात, तहान लातूरला, फुगवट्याचे पाणी कळंबच्या शिवारापर्यंत. मालक एवढे आहेत, पण जबाबदार एकही नाही! पाच खुर्च्या असल्या की प्रत्येक खुर्ची दुसरीकडे बोट दाखवते. मराठवाड्यातल्या माणसाला हे नवे नाही.

धरण रिकामे झाले की ओरड होते. पातळी रोज मोजली जाते, वर्तमानपत्रात टक्केवारी छापून येते. पण त्या टक्केवारीतले पाणी कसे आहे, हे कोणी छापते काय? पाणी जितके कमी, तितकी त्यातली घाण दाट. सांडपाणी, शेतातले खत आणि कीटकनाशक, मळीमिश्रित पाणी हे सगळे थोड्या पाण्यात येते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणजे दुष्काळ हा फक्त पाण्याच्या टंचाईचा प्रश्न नाही, तो पाण्याच्या दर्जाचाही प्रश्न आहे. तळाचे गढूळ पाणी शेवटी कोणाच्या हंड्यात येते? ज्याच्याकडे जारचे पैसे आहेत त्याच्या नव्हे!

मांजराकाठाने खाली या. ही नदी लातूर ओलांडते, कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातून जाते, तेलंगणात निजामसागर भरते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते. तीन राज्यांची ही नदी. आणि नांदेडच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. क्षमता २.७४ टीएमसी. तेलंगणाच्या पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्याच्या क्षेत्रातच हा बंधारा येतो. एका पाण्यात दोन राज्ये! त्यावरून आंध्र प्रदेशाने २००६ साली सर्वोच्च न्यायालय गाठले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर गेट उघडी ठेवायची, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, आणि या सगळ्यावर देखरेख करायला तीन सदस्यांची समिती. त्यात एक केंद्रीय जल आयोगाचा, दोन्ही राज्यांचा एकेक.

म्हणजे देखरेख करता येते! शासनाला, न्यायालयाला, दोन भांडणाऱ्या राज्यांना ती जमते. बाभळीला चौदा दरवाजे आहेत. ते कोणत्या तारखेला वर जातात, कोणत्या तारखेला खाली येतात, यावर दिल्लीपासून धर्माबादपर्यंत डोळे लागलेले असतात. पण त्या दरवाजांतून खाली जाणाऱ्या पाण्यात नांदेड शहराचे किती सांडपाणी आहे, याचा हिशेब ठेवणे त्या समितीच्या कामात नाही. आमचा आक्षेप न्यायालयावर नाही. न्यायालयापुढे भांडण पाण्याच्या वाट्याचे होते. आमचा प्रश्न राज्यकर्त्यांना आहे. वाट्यासाठी तुम्ही सात वर्षे लढलात, शुद्धतेसाठी एक पत्र तरी लिहिलेत काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. गोदावरीचा नाशिकच्या सोमेश्वरापासून नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंतचा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात होता. नंतर २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. पुरोगामी महाराष्ट्र म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ चा आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा आहे आणि जो पाणी घाण करील त्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व त्यात लिहिलेले आहे. नद्यांच्या खोऱ्यांसाठी आंतरराज्य मंडळे नेमण्याचा नदी मंडळ कायदा १९५६ चा आहे. त्या कायद्याखाली आजपर्यंत एकही मंडळ नेमले गेले नाही! उलट २०२४ साली केंद्राने १९७४ च्या कायद्यात दुरुस्ती करून अनेक कलमांतला तुरुंगवास काढला आणि दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला. सुरुवातीला ही दुरुस्ती हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकीच्या राज्यांनी ठराव करून ती स्वीकारायची. पंधरा लाख हा बड्या कारखानदाराला दंड वाटतो की परवाना, हे वाचकांनीच ठरवावे.

या देशात नदीचे खोरे एकसंध मानून नियोजन करावे, हा विचार धोरणात रुजवणाऱ्यांत बाबासाहेब आघाडीवर होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोरे आणि महानदीच्या योजना त्यांच्याच काळात आकाराला आल्या. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेला आयोग १९४५ साली स्थापन झाला, तोही त्यांच्याच खात्यात. म्हणजे बाभळीच्या गेटवर देखरेख करणारी संस्था बाबासाहेबांच्या कारकिर्दीतली आहे. पण आमच्या किती सभांत हे सांगितले जाते?

बाहेरच्या जगाकडेही पाहू. अमेरिकेत सिएरा नेव्हाडा डोंगरात टाहो नावाचा तलाव आहे. सुमारे दोन तृतीयांश कॅलिफोर्निया राज्यात, बाकीचा नेव्हाडात. १९६९ साली दोन्ही राज्यांनी करार केला, संघराज्याच्या काँग्रेसने त्याला मान्यता दिली आणि तलावासाठी एकच संयुक्त संस्था उभी राहिली. १९६८ पासून तिथले शास्त्रज्ञ एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात. ती किती खोलीपर्यंत दिसते तेवढी त्या दिवसाची स्वच्छता. त्या वर्षी ती सुमारे शंभर फुटांपर्यंत दिसत होती, पुढे ती बरीच घसरली. घसरली हे लोकांना कळते, कारण आकडा दरवर्षी जाहीर होतो. तबकडी आणि दोरी याला काय खर्च येतो?

पण त्या तलावाची दुसरी बाजूही आम्ही झाकणार नाही. टाहोचा काठ मुळात वाशो या आदिवासींचा. त्यांना तिथून हटवले गेले आणि आज त्या काठावर श्रीमंतांचे बंगले आहेत. तलाव राखला, पण तलावाची माणसे गेली. म्हणून आम्हाला नुसती देखरेख नको. देखरेख करणाऱ्यांत आमची माणसेही हवीत.

आमच्यातलेच काही जण म्हणतील, पर्यावरण हा भरल्या पोटाच्या लोकांचा विषय, आमच्यापुढे अत्याचार, नोकरी, शिष्यवृत्ती हे प्रश्न आहेत. आम्ही त्यांना विचारतो, सांडपाण्याचे प्रकल्प नीट चालत नाहीत तेव्हा तुंबलेल्या गटारात कोण उतरते? २०१३ च्या कायद्याने बंदी असतानाही उतरवले जाते ते कोणाच्या मुलांना? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली गटारात मरणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. न्यायालयाला रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ मरणे थांबलेले नाही. नदीतल्या घाणीचा आणि जातीचा संबंध असा सरळ आहे. घाण करणारा वरच्या मजल्यावर, उपसणारा खाली.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मांजरा तलावासाठी तिन्ही जिल्ह्यांची एकच देखरेख समिती नेमावी आणि तिच्यात भूमिहीन, मच्छीमार, सफाई कामगार आणि दलित वस्त्यांतल्या महिला यांचे प्रतिनिधी असावेत. बाभळीसाठी दोन्ही राज्यांनी गेटच्या तारखांबरोबर पाण्याच्या दर्जाचीही संयुक्त तपासणी ठरवावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालये नांदेडला आहेत, लातूरलाही आहेत. त्यांनी नमुन्यांचे निष्कर्ष दर महिन्याला, साध्या मराठीत, पाण्याच्या टाकीवर आणि वस्तीच्या चौकात फलकावर लावावेत. नांदेड आणि लातूरच्या महानगरपालिकांनी किती सांडपाणी तयार होते, किती शुद्ध होते आणि किती तसेच सुटते, हे तीन आकडे जाहीर करावेत.

आणि आम्ही स्वतः काय करणार? दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो, गाड्या भरून जातो, आणि गेलेच पाहिजे. पण परत आल्यावर आपल्या गावच्या नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल कितींनी मागितला? माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तो अहवाल मागता येतो. ग्रामसभेत विषय लावून घेता येतो. ज्या विहारात आपण वंदनेला बसतो, त्याच विहारात महिन्यातून एकदा पाण्याच्या अहवालाचे वाचन होऊ शकते. यासाठी कोणत्या नेत्याच्या परवानगीची गरज नाही.

चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांचे असल्याचे मान्य केले. त्या लढ्याने पाणी पिण्याचा हक्क मिळाला. तो हक्क घेऊन आपण नळाशी पोहोचलो आणि नळातून घाण येत असेल, तर लढा अर्धाच राहिला. उरलेला अर्धा मांजराच्या काठावर आणि बाभळीच्या गेटवर आपली वाट पाहतो आहे.

जय भीम!