फोटोमागचे नाव

इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखात एका सभेचा प्रसंग आहे. वक्त्यांची ओळख करून देताना त्या कोणाच्या सून, कोणाच्या पत्नी हे सांगितले जाते. बाईंना मात्र त्या ओळखीत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. पुढे रस्त्यातली शाळकरी मुले त्यांच्याकडे पाहून, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असे एकमेकांना सांगतात आणि ती ओळख पूर्ण होते. लेख हसत वाचावा असाच आहे. तरीही जिने बर्लिनहून डॉक्टरेट आणली, तिची ओळखसुद्धा घरातल्या पुरुषांच्या नावांवरून व्हावी, हे वाचकाच्या मनाला टोचल्याशिवाय राहत नाही.

या आजीचा शोध पुढे नातीने घेतला. गौरी देशपांडे यांच्या कन्या उर्मिला देशपांडे आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक थियागो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलेले ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र २०२४ साली प्रसिद्ध झाले. इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० रोजी गेल्या, तेव्हा ही नात लहान होती. म्हणजे आजीची प्रत्यक्ष आठवण थोडी आणि ऐकलेल्या गोष्टी फार. घरातील आठवणी एका बाजूला आणि बर्लिनमधील कागद दुसऱ्या बाजूला, अशा दोन्ही बाजूंनी हे काम झाले. जमाखर्चाची दोन्ही अंगे जुळल्याखेरीज हिशेब मिटत नाही, तसेच हेही.

ठळक नोंदी पुणेकरांना परिचित आहेत. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातील मिंजान येथे. इरावदी नदीवरून नाव इरावती. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. सातव्या वर्षी मुलगी पुण्यास हुजूरपागेत आली, मग फर्ग्युसन महाविद्यालय, मग महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी विवाह. १९२८ साली त्या जर्मनीस निघाल्या. या प्रवासासाठी जीवराज मेहता यांनी कर्ज दिले होते. घरातील गोष्टींत धाडसाचे कौतुक राहते, कर्जाचा उल्लेख सहसा गळतो. वास्तविक कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या भरवशावर एखादे माणूस बाहेर पडले, हे कळले की त्याच्या आयुष्याचा अर्धा उलगडा होतो.

पण खरा प्रश्न बर्लिनचा आहे. डाहलेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेत त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली काम करीत होत्या. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते आणि हीच त्याच्या वरचढ बुद्धीची खूण, असा फिशर यांचा तर्क होता. पंचविशीही न गाठलेल्या या विद्यार्थिनीकडे १४९ कवट्या मोजण्याचे काम आले. त्यांत युरोपीय कवट्या होत्या, तशा पूर्व आफ्रिकेतील लोकांच्याही. मोजमापे घेऊन तिने निष्कर्ष लिहिला की वंशाचा आणि कवटीच्या या असमानतेचा काही संबंध आढळत नाही. ज्यांच्या हाती आपली पदवी, त्यांचाच तर्क तिने आकड्यांनी खोडून काढला. पदवी मिळाली, श्रेणी मात्र खालची.

इथेच थांबले तर घराण्याचा गौरवग्रंथ तयार होतो. अभ्यासक थांबले नाहीत. त्या कवट्या कोणाच्या होत्या आणि वसाहतींमधून तेथे कशा आल्या, हा प्रश्न कागद उघडताच समोर येतो. दुसरे असे की, बर्लिनमध्ये शिकलेली शरीरमापनाची पद्धत बाईंनी पुढे डेक्कन कॉलेजात, महाराष्ट्रातील जातींच्या अभ्यासातही वापरली आणि त्यावर आज गंभीर टीका होते. बार्बोसा यांच्या संशोधनाचा मोठा भाग याच वारशासंबंधी आहे. नातीने अशा अभ्यासकाबरोबर बसून आजीचे चरित्र लिहावे, ही गोष्ट सोपी नाही. आपल्याकडे पूर्वजांविषयी लिहिताना अडचणीची पाने हळूच चिकटवून टाकण्याचीच रीत आहे.

सामान्य घरातील आजीचा असा शोध घ्यायचा तर बर्लिनला जावे लागत नाही. पण अडचणी कमी नसतात. पहिली पानशेतची. १२ जुलै १९६१ च्या पुरात मुठेकाठच्या पेठांतील कित्येक घरांतले फोटो, पत्रे आणि वह्या गेल्या. दुसरी अडचण नावाची. माहेरचे नाव वेगळे, सासरी बदललेले वेगळे, आणि घरात हाक मारायचे तिसरेच. जैन कुटुंबात कोणी दीक्षा घेतली असेल तर संसारी नावावर आणखी एक पडदा पडतो. भाटांच्या वंशावळीत पुरुषांच्या पिढ्या धडाधड सापडतात, मुली मात्र क्वचितच.

तरीही वाटा आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीचे माहेरचे नाव, जन्मतारीख आणि पूर्वीची शाळा असते. लग्नपत्रिकेत दोन्ही गावे मिळतात. दीक्षा महोत्सवाच्या पत्रिकेत बहुधा आईवडिलांची नावे छापलेली असतात. पेढीच्या कीर्द-खतावणीत सुनेचे नाव नसेल. पण तिच्या माहेरी पाठवलेल्या आहेराची रक्कम तिथीसह असते आणि त्या तिथीवरून एखादे बाळंतपण किंवा मृत्यू उमगतो. पोस्टाच्या किंवा बँकेच्या जुन्या पासबुकाला कोणी मोल देत नाही. त्यावर तिची सही आहे की अंगठा, एवढ्यावरून ती लिहू शकत होती का हे कळते. आणि खाते तिच्या एकटीच्या नावे असेल तर आणखी पुष्कळ कळते. फोटो उलटून पाहावा. मागे छायाचित्रकाराचा शिक्का असला तर निदान गाव ठरते. चौकट उघडताना घाई करू नये, जुना कागद काचेला चिकटलेला असतो.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. पुढच्या पिढ्यांना आईचे नाव शोधावे लागणार नाही. त्याआधीच्या बायकांची नावे मात्र ज्यांना ठाऊक आहेत त्यांनीच लिहून ठेवायची आहेत: फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने, माहेरच्या आडनावासह. बॉलपेन वापरू नये; त्याचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.