आधी कान, मग यंत्र

गाण्याच्या शौकीनांची एक नवी जात अलीकडे आपल्याकडे उदयास आली आहे. ही मंडळी मैफलीला सहसा जात नाहीत. गेलीच तर मध्यंतरात परत येतात. गाणे त्यांना हवे असते ते कानाच्या आत, रबराच्या बोंडातून. आपण साधे लोक ज्याला इअरफोन म्हणतो त्याला ते इन-इअर मॉनिटर म्हणतात, आणि चुकून कोणी इअरफोन म्हटलेच, तर सोवळ्यात शिवल्यासारखे अंग चोरतात. मी या जातीबाहेरचा नव्हे. गेली सहा वर्षे मी तिच्यात नांदलो आहे, तिचे सगळे विधिनिषेध पाळले आहेत आणि मास्तरकीच्या पगारातून तिला भरपूर दक्षिणाही घातली आहे. तेव्हा पुढचे लिखाण हे घरातल्या माणसाचे भांडण समजावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या शौकात यंत्राची चिकित्सा अहोरात्र चालते. पण ज्या कानात ते यंत्र जायचे, त्या कानाची चौकशी कोणी करीत नाही.

प्रथम किमतीचे पाहू. महाग तितके सुरेल, ही या पंथाची पहिली श्रद्धा. 2017 साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोन-इअरफोनांच्या ध्वनिमापनांची त्यांच्या किमतींशी सांगड घालून पाहिली; कोणत्या स्वराला किती उठाव मिळतो, याचा किमतीशी काही संबंध त्याला आढळला नाही. किमतीत बांधणी, टिकाऊपणा, देखणेपणा यांचे मोल असेल. नाही कोण म्हणतो? पण दुकानात आपल्याला विकतात ते सौंदर्य स्वराचे म्हणून विकतात.

दुसरी श्रद्धा संख्येवरची. एका बोंडात आवाज काढणारे ड्रायव्हर किती? दोन, पाच, की बारा? जणू काही ती स्वयंपाकघरातली भांडी आहेत! 1991 साली अमेरिकेत निघालेल्या एटिमोटिक कंपनीच्या ईआर-4 या यंत्रात प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर होता, आणि त्याचा दबदबा कित्येक वर्षे टिकला. पुष्कळ ड्रायव्हर घातले की त्यांच्यात स्वरांची वाटणी करावी लागते, आणि वाटणी आली की भांडणे आली, हे भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको.

तिसरी श्रद्धा सर्वांत मौजेची. नवे यंत्र शंभर तास वाजवल्यावाचून 'उघडत' नाही म्हणे! उघडते ते बहुधा आपले मन. शंभर तासांत माणूस सासुरवासालाही सरावतो. माल परत करण्याची मुदत मात्र सात दिवसांची असते, हा योगायोग चतुर व्यापाऱ्याच्या ध्यानात असावा.

मग निवडावे कसे? याचे उत्तर इतके साधे आहे की, त्यात कोणाची प्रतिष्ठा राहत नाही. आधी बोंड निवडावे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, आणि प्रत्येकाची वेगळी. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. बोंड सैल बसले, फट राहिली, की खर्ज त्या फटीतून निघून जातो. तबल्याचा डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो आणि आपण यंत्राला नावे ठेवतो. यंत्रासोबत लहान, मध्यम, मोठी अशी बोंडे येतात. ती सगळी लावून पाहावीत. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठे लागले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. रबर जमत नसेल तर दाबून घालायचे फोमचे बोंड घ्यावे. एवढे केल्यावर मग यंत्राच्या गुणदोषांविषयी तोंड उघडावे.

बिघाड शोधण्याची रीतही अशीच पायरीपायरीची आहे. एका कानाचा आवाज दबला? आधी नळीच्या तोंडावरची जाळी पाहावी; दहांपैकी किती वेळा तरी तिथे कानातला मळ बसलेला असतो. बोंड काढून कोरड्या मऊ कुंचल्याने, जाळी खाली धरून, ती झाडावी. टाचणी खुपसू नये. मग तार. तिच्या दोन पिना निघण्याजोग्या असतील तर डावी-उजवी बदलून पाहावी. दोष तारेबरोबर सरकला तर तार दोषी. मग दुसऱ्या फोनवर लावून पाहावे. आणि शेवटी दोन्ही बोंडे कानांत अदलाबदल करून घालावीत. दोष बोंडाबरोबर दुसऱ्या कानात गेला तर यंत्र दुरुस्तीला द्यावे. न गेला तर?

या शेवटच्या प्रश्नाशी मी सहा वर्षे गेलोच नाही, आणि माझ्या भांडणाचे मूळ तेथे आहे.

माझी शाळा घरापासून दीड तासावर. एस.टी.ने जायचे, एस.टी.ने यायचे, आठवड्याचे सहा दिवस. या प्रवासात मी गाणे ऐके. बोंडे सैल असत, कारण घट्ट बोंडाने कान खाजतो अशी माझी समजूत. फटीतून खर्ज बाहेर जाई आणि इंजिनाची घरघर आत येई. मग मी आवाज वाढवी. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की, 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकावा. दर 3 डेसिबलला वेळ निम्म्यावर येतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. माझे ऐकणे 89 धरले तरी माझा आठवड्याचा शिधा मंगळवारी संपत होता आणि मी शनिवारपर्यंत जेवत होतो.

दोनएक वर्षांपूर्वी तानपुऱ्याची जवारी मला उतरल्यासारखी वाटू लागली. तारेच्या त्या झणकारात वरचे बारीक स्वर असतात, तेच नाहीसे झाले. मी काय केले? यंत्र बदलले. 3,000 चे होते, 9,000 चे घेतले. मग 'तारसप्तक उजळ' अशी ख्याती असलेले 22,000 चे, हप्त्यांवर. मग 4,500 रुपयांची चांदीचा मुलामा दिलेली तार. माझ्या शौकीन मित्रांनी प्रत्येक वेळी मला नवा माल सुचवला. 'गुरुजी, कान तपासून घ्या' असे एकानेही म्हटले नाही. मी तरी दुसऱ्या कोणाला कुठे म्हटले होते?

ते म्हटले एका पाचवीतल्या मुलीने, आणि तेही न बोलता. खिडकीकडच्या, म्हणजे माझ्या डाव्या हाताच्या बाकावरून ती धडा वाचीत होती. 'साखर' असे तिने वाचले. मला 'शाखर' ऐकू आले. मी तिला शब्द पुन्हा म्हणायला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. वर्ग हसू लागला. मी वर्गाला दटावले, की तिला हसू नका. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि बाकीची मुले माझ्याकडे पाहत होती.

त्या रात्री मी दोन्ही बोंडे अदलाबदल करून घातली. जवारी उजवीकडे थोडीफार होती. डावीकडे तशीच मुकी राहिली. पुढच्या आठवड्यात तालुक्याला 600 रुपयांत कानांची चाचणी झाली. कागदावरची रेघ 3,000 हर्ट्‌झपाशी घसरली होती आणि 4,000 ला, डाव्या कानाची, पार खड्ड्यात गेली होती. 'स'चा सीत्कार याच उंच प्रदेशात राहतो. वय किती, मिरवणुकीतल्या भिंतींएवढ्या कर्ण्यांचा वाटा किती आणि एस.टी.तल्या गाण्याचा किती, हे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी गेल्या त्या पुन्हा उगवत नाहीत, हे मात्र त्यांनी स्वच्छ सांगितले. श्रवणयंत्र सुचवले. मला राग आला. मी काय बहिरा आहे?

आता या रागाची गंमत पाहा. माझ्या 22,000 च्या मॉनिटरात जे चिमुकले 'बॅलन्स्ड आर्मेचर' आवाज काढीत होते, तीच जात श्रवणयंत्रांत कितीतरी दशके राबत आलेली आहे. मुळात बहिऱ्यांच्या सोयीची वस्तू शौकीनाने चैन म्हणून मिरवावी आणि गरज म्हणून मात्र लाजेने नाकारावी, हे कसले शहाणपण? आणि मॉनिटर हा शब्द तरी कुठला? 1995 च्या सुमारास अमेरिकेत जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या वाद्यवृंदाच्या ड्रमवादकासाठी अशी बोंडे घडवली, ती मंचावरच्या गदारोळात त्याला स्वतःचे वादन नीट ऐकू यावे म्हणून. बाहेरचा गोंगाट अडवणे हा या वस्तूचा मूळ धर्म. तो पाळला तर ती कान राखते. सैल बोंडाने मोडला तर तीच कान खाते.

मी शौक सोडा असे म्हणत नाही. मी सोडलेला नाही. दोन यंत्रे विकली, एक ठेवले, बोंडे घट्ट घातली, आवाज उतरवला. श्रवणयंत्रासाठी नाव नोंदवले आहे. त्या मुलीची भर वर्गात क्षमा मागितली. ते सर्वांत कठीण गेले.

माझी मागणी लहानशी आहे. हजारांच्या गोष्टी करणाऱ्या माझ्या जातभाईंनी कोणाला नवे यंत्र सुचवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: बोंड नीट बसते का, आणि कान कधी तपासला? उत्तर 'नाही' आले, तर त्या माणसाला माल सुचवणे ही फसवणूक आहे, मग ती कितीही रसिकतेने केलेली असो. माझ्या बाबतीत ती फसवणूक 35,500 वर थांबली नाही. तिची बाकी त्या पोरीने चुकती केली.