रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे

एक प्रश्न विचारतो. तासभर डोकं खाजवूनही न सुटलेलं गणित कधी आंघोळ करताना किंवा अंथरुणावर पडल्यापडल्या अचानक सुटलंय का? बहुतेक जण "हो" म्हणतील. हा निव्वळ योगायोग नाही.

ग्रॅहम वॉलास या इंग्रज अभ्यासकाने 1926 साली नव्या कल्पनेचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरणे, उलगडा आणि पडताळणी. लोणचं घातल्या दिवशी मुरत नाही, विचारांचंही तसंच असतं.

आपल्याकडेच बघा ना. बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली आणि शेतातली कामं करता करता त्यांना गाणी सुचत गेली. जात्याभोवती हात सवयीने फिरत राहतो आणि मन मोकळं होतं, म्हणून तर गावोगावच्या बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या. तुकाराम महाराज एकांतासाठी भंडारा आणि भामचंद्र डोंगरावर जात. हे दोन्ही डोंगर आपल्या भोसरीपासून फार लांब नाहीत.

विज्ञानही हेच सांगतं. पॅरिसच्या संशोधकांनी 2021 मध्ये काही लोकांना आकड्यांची कोडी दिली. कोडी सोडवण्याची एक सोपी युक्ती त्यात लपलेली होती. थोडा प्रयत्न झाल्यावर सगळ्यांना 20 मिनिटं आराम करू दिला. त्यात ज्यांना जेमतेम डुलकी लागली, त्यांच्यापैकी 83 टक्के लोकांना नंतर ती युक्ती सापडली. जे पूर्ण जागे राहिले, त्यांच्यापैकी फक्त 30 टक्के लोकांना सापडली. त्याहून गाढ झोपेत गेलेल्यांना मात्र फायदा झाला नाही.

आता आपल्या मुलांचा दिवस पाहा. भोसरीत आई-बाबांचं घड्याळ कंपनीच्या पाळीवर चालतं आणि मुलांचं शाळा, क्लास, गृहपाठ यावर. पोरगं खिडकीत दहा मिनिटं गप्प बसलं की आपण लगेच म्हणतो, "रिकामा काय बसलास?" त्यामागची काळजी खरी आहे. ओव्हरटाइम करून फी भरणाऱ्याला वेळेची किंमत कळतेच. पण मग तेच पोरगं मोबाईल हातात घेतं आणि आपण निवांत होतो! मोबाईल म्हणजे विश्रांती नव्हे. त्यात मन मोकळं होत नाही, उलट भरतच जातं.

अर्थात नुसतं लोळून काही सुचत नाही. कैरीच नसेल तर मुरणार काय? आधी मनापासून प्रयत्न हवा. आणि "नशेत भारी सुचतं" असं कुणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नका. वर सांगितलेल्या कुणालाही नशेची गरज पडली नाही. तंद्रीलाही जागा-वेळ असते. प्रेस मशीनवर किंवा रस्ता ओलांडताना ती नकोच.

मग करायचं काय? गणित अडलं की वही मिटा. वीस मिनिटं पडा, भांडी घासा किंवा तळ्याकाठी फेरी मारा. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, कारण सुचलेलं लगेच निसटतं. नंतर उत्तर पडताळून बघा, कारण सुचलेलं सगळंच बरोबर नसतं.

पालकहो, वेळापत्रकात रोज अर्धा तास कोरा सोडा. पाठ केलेलं परीक्षेपुरतं टिकेल, पण स्वतःहून सुचण्याची सवय मुलांना जन्मभर पुरेल.