घरबसल्या पदवी, पण बसायला मिळतं का?

‘आता काय, घरबसल्या पदवी मिळते!’ हे वाक्य हल्ली येता-जाता कानावर पडतं. पदवी मिळते हे खरं, पण घरात तासभर निवांत बसायला मिळतं का, हे कुणी विचारत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कॉलेजचे वर्ग एकाएकी मोबाईलवर आले. मुलं वैतागली. पण ती अडीनडीची सोय होती. नीट आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम ही वेगळीच गोष्ट. केंद्र सरकारनं २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’वर पाहा. तिथे व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची तयारी तपासायला चाचण्या आणि शंका विचारायला चर्चेची जागा असे चार भाग असतात. शिकणं मोफत; प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचं शुल्क भरायचं.

यातला चौथा भाग सर्वांत मोलाचा, बरं का! मी अर्धवेळ शिकवते, म्हणून सांगते. विचारलेल्या शंकेला वेळेवर उत्तर आलं की विद्यार्थी खूश असतो, मग व्हिडिओ साधा का असेना. शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी तर १९७०च्या दशकातच दूरशिक्षणात संवादाला मोठं महत्त्व दिलं होतं.

आता आपल्या घराकडे वळू या. मुलगा हेडफोन लावून बसला की आपण म्हणतो, ‘हळू बोला, त्याचा क्लास चाललाय.’ सूनबाई बसली की मात्र कुकरच्या शिट्ट्या तिनंच मोजायच्या! मग दोन-तीन महिन्यांत तिचा अभ्यास सुटतो आणि आपण म्हणतो, ‘झेपलं नाही हो तिला.’

तेव्हा प्रवेश घेताना एवढं करा:

१. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते पाहा. वैद्यकीय, नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगची पदवी कुणी ऑनलाइन देतो म्हणालं, तर सावध राहा.

२. शंकांना उत्तर कोण देतं, किती दिवसांनी देतं, हे आधी शिकून गेलेल्यांना विचारा. फी त्यानंतर भरा.

३. अभ्यासाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. त्या वेळात दार, फोन आणि गॅसवरचं दूध दुसऱ्या कुणीतरी बघायचं.

कॉलेजात गेलेल्या मुलीला आपण तासातून हाक मारून बोलावतो का? मग घरात शिकणारीला तरी का बोलवायचं?