खेळायला मिळतंय ना, मग पैसे कशाला?

‘शिकायला मिळतंय ना, मग स्टायपेंड कशाला?’ इंटर्नशिप करणाऱ्या किंवा कुणाच्या तरी चॅनेलसाठी रात्रभर एडिटिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. हे लॉजिक काही आजचं नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ते शंभर वर्षांपूर्वीही जोरात होतं. त्याला भिडलेल्या एका कॅप्टनचं नाव आपल्याकडच्या मँचेस्टर युनायटेडच्या कट्टर फॅन्सनाही फारसं माहीत नसतं: चार्ली रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स 1904 मध्ये युनायटेडमध्ये आला. त्याच्या कॅप्टन्सीत क्लबने 1908 मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली आणि 1909 मध्ये पहिल्यांदा एफए कप. मॅचला हजारो लोक तिकीट काढून यायचे. खेळाडूचा पगार मात्र आठवड्याला जास्तीत जास्त 4 पौंड, असा 1901 पासूनचा नियम. बहुतेकांना तेवढेही मिळत नसत. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जायची सोय नव्हती. 1907 मध्ये युनायटेडचा थॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या मॅचमध्ये मैदानावर कोसळून वारला. घरच्यांना भरपाई मिळाली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉबर्ट्स, बिली मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी मँचेस्टरमध्ये खेळाडूंची संघटना उभी केली. 1909 च्या उन्हाळ्यात फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढलं: संघटना सोडा, नाहीतर खेळणं बंद. देशभरातल्या बहुतेकांनी माघार घेतली. युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत. पगार थांबला तरी ते स्वतःच सराव करत राहिले आणि ‘आउटकास्ट्स फुटबॉल क्लब’ अशी पाटी पुढे ठेवून त्यांनी मस्त फोटो काढला! शेवटी सीझन सुरू व्हायच्या तोंडावर असोसिएशनला संघटना मान्य करावी लागली.

विजय पूर्ण नव्हता. पगाराची मर्यादा थेट 1961 मध्ये उठली, तेव्हा रॉबर्ट्सला जाऊन 21 वर्षं उलटली होती. चॅम्पियन टीमचा हा कॅप्टन इंग्लंडकडून फक्त 3 मॅच खेळला, त्याही 1905 मध्ये, म्हणजे संघटनेच्या आधी. नंतर त्याला कधीच बोलावणं आलं नाही.

कुणी म्हणेल, 4 पौंड म्हणजे तेव्हाच्या गिरणी कामगारापेक्षा जास्तच की! बरोबर आहे. रॉबर्ट्सचं बरं चाललं होतं, गप्प बसला असता तर आणखी बरं चाललं असतं. मला तो भारी वाटतो तो इथेच. ज्याला टीममधून काढणं सगळ्यात अवघड, त्याने आधी तोंड उघडलं. राखीव संघातल्या पोराने हेच विचारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आला असता.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ज्याचा पोर्टफोलिओ तगडा, ज्याला चार ठिकाणी मागणी, तो स्वतःचं जमवून घेतो आणि पैशांचा प्रश्न नवख्यांच्या गळ्यात पडतो. आवड असणं आणि फुकट राबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी सीनियर्सनी बोलायला हवं. तास किती, पैसे किती, कधी मिळणार? ग्रुपमधल्या सगळ्यात हुशार पोराने किंवा पोरीने हे तीन प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये विचारले, तर मागे बसलेल्या दहा जणांना विचारायची हिंमत येते.